पावसाळ्यात मोटरसायकलवरून कोकण: घाट, खाड्या आणि लाल चिखलासाठीची तयारी

आधी दिवस मोजा, मग गाडीकडे बघा. पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगाव, पुढे हरिहरेश्वर, दापोली, गुहागर, रत्नागिरी आणि परत येताना आंबा घाटाने कोल्हापूर, ही फेरी हिवाळ्यात चार दिवसांत आरामात होते. जुलैत तिला सहा दिवस द्या आणि त्यातला एक पूर्ण मोकळा ठेवा. दरड पडली, जेटी बंद राहिली किंवा नदीचं पाणी रस्त्यावर आलं तर तो दिवस लागतोच. मोकळा दिवस नसला की माणूस सोमवारी कामावर पोचायच्या घाईत नको त्या पाण्यात गाडी घालतो. रोजचं अंतर १५० ते १८० किलोमीटर पुरे. सकाळी सातला निघून दुपारी चारपर्यंत मुक्कामी पोचायचं. ढगाळ दिवसात साडेपाचलाच अंधारून येतं आणि ओल्या रस्त्यावरचा खड्डा दिव्याच्या उजेडात दिसत नाही.

कधी जायचं

मृगाचा पाऊस बेभरवशाचा. त्यातच पहिल्या एक-दोन सरी पडल्या की आठ महिन्यांचं सांडलेलं तेल आणि रबराची भुकटी डांबरावर तरंगून वर येते. जोरदार पावसाने रस्ता धुऊन निघेपर्यंत तो साबणासारखा असतो. जुलैचा तरणा आणि म्हातारा पाऊस, म्हणजे पुनर्वसू आणि पुष्य नक्षत्रातला, कोकणात सगळ्यात दांडगा. महाड आणि चिपळूण बुडवणारा २२ जुलै २०२१ चा पूर पुष्य नक्षत्रातलाच, आणि तळीये गावावर दरड कोसळली तीही त्याच दिवशी. पहिल्यांदाच जाणाऱ्याने ऑगस्टचा दुसरा पंधरवडा किंवा सप्टेंबर धरावा. हिरवाई तीच असते, धबधबे चालू असतात आणि सरींच्या मध्ये उघडीप मिळते. फक्त गणपतीच्या आधीचे चार दिवस टाळा, कारण मुंबई-गोवा महामार्गावर चाकरमान्यांची रीघ लागलेली असते.

हवामान खात्याचा जिल्हावार इशारा रोज सकाळी आणि रात्री बघा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे जोरदार, ११५.६ च्या पुढे अति जोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार पाऊस, अशी त्यांची मोजणी आहे. पिवळ्या इशाऱ्यात जपून निघता येतं. नारिंगी असेल तर घाट आणि नदीकाठचा रस्ता त्या दिवशी सोडा. लाल असेल तर आहात तिथेच राहा. एक गोष्ट बरेच जण विसरतात: तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी महाबळेश्वरला रात्रभर कोसळलेलं पाणी सावित्रीतून सकाळी महाडला येतं. म्हणून इशारा बघायचा तो मुक्कामाच्या गावाचा आणि त्याच्यावरच्या घाटमाथ्याचाही. सावित्रीवरचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला, तेव्हा दोन एसटी बस त्यात गेल्या. पुराच्या पाण्यात उभ्या पुलावर अंधारात जायचं नाही, हा धडा त्या रात्रीचा आहे.

घाट बंद आहे का, हे नकाशाच्या ॲपवर विसंबून ठरवू नका. वरंध घाट पावसाळ्यात वारंवार बंद करतात आणि ॲप तरीही भोरहून महाडला तिथूनच पाठवतं. आदल्या संध्याकाळी घाटाखालच्या एखाद्या हॉटेलात किंवा पेट्रोल पंपावर फोन करून विचारलेलं सगळ्यात खात्रीचं. धबधब्यांच्या ठिकाणी शनिवार-रविवारी जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेशही असतात, तेही विचारून घ्या.

गाडी

टायरपासून सुरुवात करा. खोबणीच्या तळाशी जे छोटे उंचवटे असतात, त्यांच्या पातळीला रबर आलं की टायर संपला, हा कोरड्या रस्त्याचा हिशेब. पावसासाठी निदान तीन मिलिमीटर खोबण शिल्लक हवी, नाही तर पाणी बाजूला फेकलं जात नाही. पावसात पकड मिळावी म्हणून हवा कमी करायची एक जुनी सवय आहे, ती सोडा. हवा कमी झाली की खोबणी आवळल्या जातात आणि खड्ड्यात रिम वाकते. चेनकव्हरवर किंवा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) कंपनीने लिहिलेला आकडाच ठेवा आणि तो सकाळी, गाडी थंड असताना मोजा. पावसात पंक्चर जास्त होतात, कारण ओल्या रबरात खिळा सहज घुसतो. ट्यूबलेस असेल तर किट, सात-आठ पट्ट्या आणि छोटा पंप पुरतो. तारांच्या चाकात बहुधा ट्यूब असते, त्यामुळे पुढची-मागची एकेक ट्यूब आणि टायर काढायचे दोन लिव्हर सोबत हवेत.

ब्रेकपॅड अर्धे झाले असतील तर निघण्याआधीच बदला. कोकणचा लाल चिखल म्हणजे जांभ्या दगडाची बारीक पूड. ती पॅड आणि डिस्कच्या मध्ये शिरली की पॉलिश पेपरसारखी घासते. मागचे पॅड तर आठवड्याभरात संपू शकतात, म्हणून त्यांचा एक जादा जोड घ्या. ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर तेही बदला, कारण ते हवेतली ओल शोषून घेतं आणि उतारावर गरम झालं की लिव्हर मऊ लागतो.

साखळीला पावसात रोज बघावं लागतं. कोरड्या रस्त्यावर ५०० किलोमीटरला तेल देत असाल तर इथे दर १५० किलोमीटरला द्या, आणि ते मुक्कामी पोचल्यावर, साखळी गरम असताना. आधी रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने चिखल पुसा. पेट्रोल वापरू नका, त्याने कड्यांमधल्या रबरी रिंगा कडक होऊन फुटतात. मग ९० नंबरचं गियर ऑइल आतल्या बाजूने, चाक हाताने उलटं फिरवत थेंब थेंब सोडा आणि दहा मिनिटांनी वरचं जादा तेल पुसून टाका. इंजिन चालू ठेवून, गियर टाकून साखळी साफ करू नका. फडकं ओढलं जातं आणि त्याच्या मागोमाग बोटं. सकाळी साखळीतून करकर आवाज आला तर रात्रीत गंज धरला असं समजा.

आता एका बारीक जागेबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण पावसात गाडी बंद पडण्याचं ते फार नेहमीचं आणि फार दुर्लक्षित कारण आहे. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. तोंडाच्या कडेला, गोल खाचेत, उदबत्तीच्या काडीएवढं एक भोक दिसेल. झाकणाभोवती साचलेलं पावसाचं पाणी त्यातून टाकीच्या आतल्या नळीने खाली रस्त्यावर जातं. हे भोक धुळीने बुजलं की पाणी खाचेत तुंबतं आणि झाकणाचं रबर थोडं जरी सैल असलं तरी टाकीत उतरतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी बसतं आणि इंजिनाकडे आधी तेच ओढलं जातं. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पाण्याबरोबर वेगळं होऊन खाली बसतं, म्हणजे त्रास दुप्पट. तपासायची रीत सोपी आहे: टाकीच्या तोंडात स्वच्छ कापडाचा बोळा बसवा, त्या भोकात पिचकारीने चमचाभर पाणी सोडा आणि गाडीखाली बघा. दोन-तीन सेकंदांत थेंब पडायला हवेत. पडले नाहीत तर क्लचच्या जुन्या वायरीची एक तार हळूच आत घालून भोक मोकळं करा. खालची नळी चिमटलेली नाही ना तेही बघा. पंपावर भर पावसात पेट्रोल भरायची वेळ आली तर नोझलभोवती कापड धरा. पंपाबद्दल शंका आली तर फिल्टर पेपरची चाचणी मागा, तो ग्राहकाचा हक्क आहे. कार्बोरेटरच्या गाडीत पाणी शिरलंच तर खालच्या वाटीचा निचऱ्याचा स्क्रू सैल करून अर्धा कप पेट्रोल काढून टाका, गाडी बहुधा चालू होते. इंजेक्शनच्या गाडीची टाकी मात्र उतरवूनच रिकामी करावी लागते.

विजेच्या बाबतीत थोडक्यात: बॅटरीच्या दोन्ही टोकांना आणि प्लगच्या टोपीच्या आत व्हॅसलीनसारखं ग्रीस लावा, टोपीचं रबर फाटलेलं असेल तर बदला, गाडीच्या मापाचे दोन-दोन फ्यूज जवळ ठेवा. क्लचची जादा वायर जुन्या वायरीशेजारीच बांधून ठेवली तर पावसात टाकी खोलत बसावं लागत नाही. साइडस्टँडखाली ठेवायला एक पत्र्याचं झाकण घ्या, नाही तर सकाळी गाडी चिखलात आडवी सापडेल.

अंगावरचं आणि सामान

रेनकोट पॅंट आणि कोट असा वेगळा घ्या. अंगावर फडफडणारं प्लास्टिक किंवा पोंचो नको, तो साखळीत जातो. मागे बसणाऱ्याची ओढणी किंवा साडीचा पदर आधी आवळून बांधा. पॅंट बुटाच्या बाहेर आणि कोटाची बाही हातमोज्याच्या वरून घ्या. उलट केलं तर पाणी वाहत जाऊन बुटात आणि मोज्यात भरतं. हेल्मेटची काच पांढरीच हवी. आतून वाफ धरू नये म्हणून भांड्याच्या साबणाचा एक थेंब बोटाने पसरून कोरड्या कापडाने चमक येईपर्यंत पुसा. तो परिणाम एक दिवस टिकतो. चश्मा असेल तर चश्म्यालाही तेच करा. घाटमाथ्यावर ओल्या कपड्यांना वारा लागला की बोटं बधिर होतात आणि ब्रेकचा अंदाज चुकतो. म्हणून कोटाखाली एक पातळ स्वेटर असू द्या आणि दर तासाला थांबून काहीतरी गरम प्या.

बॅग वॉटरप्रूफ आहे असं दुकानदार म्हणाला तरी आत कचऱ्याची जाड काळी पिशवी अस्तरासारखी घाला. कपडे त्यात, मग आणखी एका पिशवीत. झोपायचा एक कोरडा जोड पूर्ण वेगळा ठेवा आणि तो दिवसा काहीही झालं तरी उघडू नका. ओल्या फोनला चार्जर लावू नका, आतले पिन काळे पडतात. दिवसभराच्या वाटेवरची गावं मोठ्या अक्षरात कागदावर लिहून, प्लास्टिकखाली टाकीवर चिकटवा. फोन बंद पडला तरी 'मंडणगडला कसं जायचं' असं विचारता येतं. वादळात वीज गेली की पंप, एटीएम आणि मोबाइलचा टॉवर एकदमच बंद होतात. म्हणून टाकी अर्धी झाली की भरा आणि सुट्या नोटांत दोन हजार रुपये जवळ ठेवा.

चालवताना

ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. ओल्या रस्त्यावर थांबायला लागणारं अंतर कोरड्याच्या दीड ते दोन पट होतं. पुढच्या गाडीपासून चार सेकंदांचं अंतर ठेवा. ती एका झाडाजवळून गेली की 'एक हजार एक, एक हजार दोन' असं चारपर्यंत म्हणा आणि मग तुम्ही तिथे पोचा. ब्रेक दाबायचा तो ओला स्पंज पिळल्यासारखा, हळूहळू वाढवत, दोन्ही मिळून. उतारावर क्लच ओढून गाडी सोडू नका, दुसऱ्या गियरवर इंजिनाने धरू द्या. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सरळ गाडीला वाचवतो. वळणात झुकलेल्या गाडीचा ब्रेक दाबला तर त्याचा फारसा उपयोग नाही.

घसरायच्या जागा पाठ असाव्यात: रस्त्यावरचे पांढरे पट्टे, पुलाच्या सांध्यावरची लोखंडी पट्टी, एसटी थांब्याजवळच्या चढाच्या वळणावर सांडलेलं डिझेल, बांबूच्या बनाखालचा कुजका पाला, आणि घाटात ज्या वळणावर ऊन कधीच पडत नाही तिथलं साइडपट्टीचं शेवाळं. जुलैत भातलावणी चालू असते. चिखलणी करून ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर शेतातून थेट डांबरावर येतात आणि शंभर-दोनशे मीटर चिखलाची ढेकळं सोडत जातात. शेतात माणसं वाकलेली दिसली की पुढचं वळण घ्यायच्या आधीच वेग उतरवा. संध्याकाळी गुरं रस्त्यावर येऊन बसतात, कारण डांबर गरम आणि कोरडं असतं. त्यांना हॉर्न देऊन उठवायला जाऊ नका, ती कुठल्या बाजूला वळतील सांगता येत नाही.

पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे ते कळत नाही, म्हणून मोठ्या गाड्यांच्या चाकाच्या वाटेनेच जा. चुकवता आला नाही तर ब्रेक खड्ड्याच्या आधी दाबा आणि कडेशी येताच सोडा. ब्रेक दाबलेला असताना पुढचा फोर्क दबलेला असतो आणि धक्का झेलायला त्यात जागा उरत नाही. पायावर थोडं उभं राहा, हात सैल ठेवा.

आंबोलीच्या धुक्यात मोठा दिवा लावला तर समोर पांढरी भिंत दिसते. छोटा दिवा, डावीकडची पांढरी रेघ आणि प्रत्येक वळणाआधी हॉर्न. थांबायचंच असेल तर रस्ता सोडून पूर्ण बाहेर. घाटात दरडीची खूण ओळखायला शिका: कालपर्यंत स्वच्छ वाहणारा ओहळ अचानक लाल झाला किंवा एकाएकी आटला, रस्त्यावर ताजे छोटे दगड दिसू लागले, झाडं एका बाजूला कलली, साइडपट्टीला लांब भेग पडली. यातलं काहीही दिसलं तर कड्याखाली फोटो काढायला थांबू नका. पाठीमागे उघड्या जागेपर्यंत जा आणि येणाऱ्यांनाही हात करून थांबवा.

पाणी ओलांडताना आणि खाडीवर

साचलेल्या पाण्यात चाकाच्या आसापर्यंत जाता येतं, तेही तळ माहीत असेल तर. वाहत्या पाण्याचा हिशेब वेगळा. फरशी पुलावरून पाणी जात असेल, गढूळ असेल आणि कडेचे दगड दिसत नसतील, तर घोट्याएवढ्या पाण्यालाही थांबा. खालचा काँक्रीटचा तुकडा निघून गेलेला असला तर वरून कळत नाही. एसटी गेली म्हणून आपण जायचं नाही, तिचं वजन कित्येक टन आहे. कोकणातले ओढे पाऊस थांबला की तास-दोन तासांत उतरतात. काठावर एक दगड पाण्याच्या कडेला ठेवा आणि वीस मिनिटांनी बघा: दगड उघडा पडला तर पाणी उतरतंय, बुडाला तर मागे फिरा.

जायचं ठरलं तर एका वेळी एकच गाडी, मागचा माणूस उतरलेला. पहिला गियर, रेस एकसारखी, गरज पडली तर क्लच किंचित ओढून, नजर पलीकडच्या काठावर. मध्ये गियर बदलू नका आणि रेस सोडू नका, सोडली की सायलेन्सरमधून पाणी मागे येतं. ढकलत न्यायची असेल तर प्रवाह जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा. दुसऱ्या बाजूला असलात आणि गाडी पडली तर तुम्ही तिच्याखाली सापडाल. पलीकडे गेल्यावर दोनशे मीटर ब्रेक हलके दाबत चालवा, म्हणजे ते सुकतील.

पाण्यात गाडी बंद पडली तर स्टार्टर दाबू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी बाहेर काढा, एअर फिल्टर उघडून बघा. ओला असेल तर प्लग काढा, पाचव्या गियरला टाकून मागचं चाक हाताने फिरवा, पाणी प्लगच्या भोकातून उडेल. मग इंजिनाचं ऑइल बघा. काचेतून ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर गाडी चालवू नका, टेम्पोत घाला आणि ऑइल बदलूनच चालू करा.

खाडीकाठचे रस्ते पावसाने जेवढे बुडतात, तेवढेच भरतीनेही. नदीला पूर आणि समुद्राला उधाण एका वेळी आलं की पाण्याला जायला वाट नसते. भरतीचा अदमास कोळ्यांच्या रीतीने घेता येतो: तिथीला पाऊणपट करा. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती, दिवसा आणि रात्रीही. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास आणि सगळ्यात मोठी. मुसळधार पावसाच्या दिवशी भरतीच्या आगेमागे दीड तास सखल रस्ता टाळा.

बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या जेटीमुळे किनाऱ्याने सलग जाता येतं, पण वारा वाढला की बोट बंद. दाभोळची बोट चुकली तर खेड-चिपळूणमार्गे गुहागरला शंभरावर किलोमीटरचा वळसा पडतो, म्हणून निघण्याआधी फोन करा. ओहोटीला जेटीच्या उताराचा खालचा भाग उघडा पडतो आणि त्यावर हिरवं शेवाळं असतं. तिथे पहिल्या गियरवर, पुढच्या ब्रेकला हात न लावता, दोन्ही पाय टेकवायच्या तयारीने उतरा. बोटीवरचा पत्राही ओला असतो. गाडी गियरमध्ये ठेवा आणि स्टँडवर सोडून न जाता धरून उभे राहा.

मुक्कामी

बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि दोन तासांनी बदला, सकाळपर्यंत बरेच सुकतात. सकाळी बूट आणि हेल्मेट झटकूनच घाला. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसं हा विषारी साप खूप आणि ते अंधाऱ्या, कोरड्या जागेत येऊन बसतं. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात चालू नका. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा तापाचा आजार त्यातूनच होतो. प्रवासानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आणि पोटऱ्या दुखू लागल्या तर डॉक्टरांना पाण्यातून गेल्याचं आवर्जून सांगा. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेला १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७, हे चार आकडे गावांच्या कागदावरच लिहून ठेवा.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी धुवा, पण प्रेशरचा फवारा बेअरिंग आणि वायरिंगवर मारू नका. पुढच्या स्प्रॉकेटचं (साखळीच्या दातेरी चाकाचं) कव्हर काढून आतला लाल गाळ खरवडा. वाळला की तो विटेसारखा घट्ट होतो आणि ऑइल सील कापतो. मागे ड्रम ब्रेक असेल तर चाक उतरवून लाइनरवरची पूड ओल्या फडक्याने पुसा. एअर फिल्टरच्या डब्याखालच्या नळीचं बूच काढून साचलेलं पाणी सोडून द्या.